दिवाळीत पाहिलेले भयपट, कल्ट आणि सणाचे चित्रपट: मत बनवताना काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका घरात दिवाळीला पुण्याहून, हैदराबादहून चुलत-आते भावंडं जमली. सुट्टीत त्यांनी मिळून ‘तुंबाड’, ‘लपाछपी’, ‘झपाटलेला’, ‘जाने भी दो यारो’, ‘भूलभुलैया’, जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ आणि ‘होम अलोन’ पाहिले. मग वाद सुरू झाला. दोघांना ‘तुंबाड’ संथ वाटला. ‘हॅलोवीन’ला पोरं हसली. आजी ‘लपाछपी’ अर्ध्यात सोडून उठली. ‘जाने भी दो यारो’ला लोक एवढं डोक्यावर का घेतात, हे निम्म्यांना समजलं नाही. अशा चित्रपटांवर मत बनवताना काय बघायचं, यांतला खरा चांगला कोणता आणि पुढे काय पाहावं, असं विचारलं आहे.

मी आयुष्याचा मोठा काळ सोलापुरात टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून काढला. रिळांचा जमाना संपल्यावर भागातल्या मुलांना एकत्र बसवून चित्रपट दाखवतो आणि नंतर त्यांना बोलायला लावतो. त्या कामातून जे कळलं तेच इथे सांगतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भयपट, कल्ट (म्हणजे मागाहून लोकांनी आपला केलेला) आणि सणाचा चित्रपट या तिन्ही जातींत पडद्यावर अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं बघणाऱ्यांमध्ये होतं. कोण बसलं होतं, वेळ कोणती होती, कितव्यांदा बघत होते, कोणाच्या मनात आधीपासून काय होतं, हे सगळं त्यात येतं. एखादा कौटुंबिक चित्रपट दुपारी एकट्याने पाहिला काय नि रात्री चौघांत पाहिला काय, मतात फार फरक पडत नाही. या तिघांचं तसं नाही. म्हणून तुमच्या घरात सात मतं झाली यात मला काहीच वावगं वाटत नाही. मात्र त्या प्रत्येक मतामागचं बसणं-बघणं कोणी सांगितलं नाही, म्हणून ती मतं एकमेकांना भिडली.

केबिनच्या छोट्या खिडकीतून ऑपरेटरला पडदाही दिसतो आणि डोकीही दिसतात. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटतो. तो हेरून दुसरं मशीन सुरू करायचं असतं, त्यामुळे डोळा पडद्यावर आणि कान पब्लिककडे अशी सवय लागते. एकच चित्रपट दिवसाला चार खेळ आठवडाभर चालला की कोणत्या रिळात किंकाळी उठणार हे पाठ होऊन जातं. आणि एक गोष्ट पक्की कळते: दचकलेलं पब्लिक ऐकू येतं, घाबरलेलं पब्लिक ऐकू येत नाही. दचका बसला की आरडाओरडा होतो, मग हशा, मग शेजारच्याला चिमटा. खरी भीती बसली की शेंगा फोडायचा आवाज थांबतो, खुर्च्यांची करकर थांबते, बाल्कनीतलं खोकणंसुद्धा थांबतं.

दचका हे शरीराचं काम आहे. शांततेनंतर एकदम मोठा आवाज आला की मान आखडते आणि पापण्या मिटतात, ते कोणाच्याच हातात नसतं. त्यासाठी दिग्दर्शकाकडे फार मोठं कसब लागत नाही, आवाजाची पट्टी वर नेली की झालं. दुसऱ्यांदा पाहताना जागा माहीत असते, म्हणून तो दचका बोथट होतो. भीती मात्र दुसऱ्या खेळालाही टिकते, कधी कधी वाढते. म्हणून भयपटावर कोणी मत द्यायला लागलं की मी विचारतो, पुन्हा बघशील का, आणि पुन्हा बघताना कोणत्या ठिकाणी नकोसं वाटेल? याचं उत्तर देता आलं की ते मत ऐकण्यासारखं असतं.

आता ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला. १९१८ पासून १९४७ पर्यंतची गोष्ट, तीन भागांत. ज्यांना तो संथ वाटला त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण त्यांनी कशाची वाट बघितली ते विचारेन. राक्षस कधी अंगावर येतो याची वाट बघणाऱ्याला हा चित्रपट संथच वाटेल. त्याची ताकद नियमात आहे. हस्तर हा त्यातला राक्षस. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. खाली दोराने उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची, तो खायला वळला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या आणि वर यायचं. हे नियम आपल्याला समजतात, तिथूनच भीती सुरू होते, कारण आता माणसाची हाव नियमापेक्षा कधी मोठी होईल याचा हिशेब बघणारा स्वतःच करू लागतो. मोहरांसाठी खाली उतरणारा नायक विनायक थकत जातो, पोट सुटतं, तरी दोर सोडत नाही. मला त्या चित्रपटात हस्तरपेक्षा बापाने मुलाला दोर धरायला शिकवण्याचा भाग जास्त भयंकर वाटतो. तिथे कसलाही मोठा आवाज नाही. आणखी एक गोष्ट पोरांना मुद्दाम सांगा: साखळदंडात ठेवलेली ती म्हातारी आणि विनायकचा लहान मुलगा, या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. हे माहीत झाल्यावर दुसऱ्यांदा पाहा, चित्रपटाचा अर्थ आणखी खोल जातो.

इथेच पाहण्याच्या जागेबद्दल बोलतो, कारण ‘तुंबाड’वरची निम्मी नाराजी तिथून येते. हा चित्रपट कित्येक पावसाळ्यांच्या करड्या उजेडात चित्रित झाला आहे. दुपारी, खिडकीचा पडदा उघडा ठेवून, टीव्हीवर पाहिला तर खालच्या तळघरातलं काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला माणूस संथ म्हणतो. दुकानातून आणलेला टीव्ही बहुतेक वेळा भडक रंगांच्या सेटिंगवर असतो, त्यात काळा रंग राखाडी दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडा. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो, त्यामुळे अंगावर येणारं दृश्य मालिकेसारखं दिसायला लागतं. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळं नाव देते, पण ती बंद करता येते, बंदच करा. आणि आवाज! टीव्हीचे बारीक स्पीकर खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज काढूच शकत नाहीत. भयपटातली अस्वस्थता बरीचशी त्याच पट्टीत असते. राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ २००३ मध्ये आला तेव्हा त्यात एकही गाणं नव्हतं, सगळा भार आवाजावर होता. तो थिएटरात ज्यांनी पाहिला आणि पुढे टीव्हीवर पाहिला, त्यांची मतं जुळत नाहीत, आणि दोघंही खरं बोलतात. घरी चांगला स्पीकर नसेल तर हेडफोन लावून एकट्याने पाहा. नाहीतर दिवे बंद करून सगळे एकत्र बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘लपाछपी’वर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७ चा, पूजा सावंत आणि उषा नाईक मुख्य भूमिकांत. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. गरोदर बाई, शहरातून लांब, उसाच्या फडातलं घर. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तो फड म्हणजे एक वेगळी जागा. आपल्या जिल्ह्यात तो रोजचा आहे. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, कारखाने वाढले, आणि दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. फडात कधी शिरला असाल तर आठवा. पुरुषभर उंचीच्या वर पानं, हात लांब केला तर बोटं दिसतात, पलीकडचं काही नाही. पाचट पायाखाली वाजतं, पानांची कड हाताला कापते, वारा नसला तरी कुठेतरी सळसळ होते आणि ती कुठून आली ते सांगता येत नाही. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा लोक भर दुपारी फडाकडे जायला धजत नव्हते. या चित्रपटाने नेमकं तेच धरलं आहे: उजेड असूनही दिसत नाही. आपल्याकडचे बहुतेक भयपट रात्र पडायची वाट बघतात. इथे लख्ख दुपारी बाई पळते आहे, सरी संपत नाही आणि पुन्हा त्याच घरापाशी येते. त्या दृश्यात कॅमेरा उसाच्या वर जाऊन वाट दाखवत बसत नाही, तिच्याबरोबर खालीच राहतो तेवढा काळ माझा जीव वर-खाली होतो. ग्रामीण भागातल्या पोरांना हा चित्रपट दाखवला तर ती किंचाळत नाहीत, गप्प होतात.

आता तुमच्या आजीचं. ती उठून गेली याला मी त्या घरातलं सगळ्यात वजनदार मत मानतो. चित्रपटाचा विषय मुलींना जन्मण्याआधी आणि जन्मल्याबरोबर मारण्याचा आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर बंदीचा कायदा १९८८ मध्येच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. ज्या पिढीने हे कायदे येण्याआधीची बाळंतपणं पाहिली, शेजारच्या वाड्यातल्या कुजबुजी ऐकल्या, तिला तो चित्रपट भयपट म्हणून दिसतच नाही. तिला तो आठवण म्हणून दिसतो. तुम्ही भावंडं भुताला घाबरलात, ती माणसांना. तिच्यापाशी बसा, दिवाळीचा फराळ पुढे ठेवा, आणि चित्रपटाबद्दल न विचारता तिच्या काळाबद्दल विचारा. चित्रपटाच्या उत्तरार्धात उपदेश जास्त होतो आणि खलनायिकेला फार समजावून सांगायला लावलं आहे, ही माझी तक्रार आहे. पण आजीसारखी बाई जिथे उठून जाते तिथे तो चित्रपट आपलं काम करून गेलेला असतो.

‘हॅलोवीन’ला पोरं हसली, कारण १९७८ च्या त्या चित्रपटाची नक्कल गेली चाळीस-पन्नास वर्षं चालू आहे. नक्कल आधी पाहिली की मूळ शिळं वाटतं. त्याच्याकडे बघायची एक युक्ती सांगतो: रात्रीचे खून सोडा, दिवसाची दृश्यं बघा. शांत गल्ली, झुडुपाच्या कडेला मुखवटा घातलेला माणूस उभा, आणि पुढच्या क्षणी तिथे कोणी नाही. अतिशय कमी पैशांत हा चित्रपट झाला. तो मुखवटा दुकानातला तयार, एका टीव्ही मालिकेतल्या नटाच्या चेहऱ्याचा होता, त्याला पांढरा रंग दिला. संगीत कार्पेंटरनेच दिलं, आणि त्याचा ठेका पाच मात्रांचा आहे. चार मात्रांची सवय असलेला कान तिथे सतत एक पाऊल चुकल्यासारखा होतो. तबला शिकलेल्या कोणाला तरी ते संगीत ऐकवा, तो लगेच सांगेल काय होतंय.

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जुने भयपट आता भीतिदायक वाटत नाहीत हा सूर होता, म्हणून थोडक्यात. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. ते शेवटच्या खेळाला, पुरुषांच्या गर्दीत, शिट्ट्यांमध्ये पाहण्यासाठी बनले होते. मध्येच विनोदी उपकथा, मध्येच गाणं, मग पुन्हा हवेली, हे सगळं त्या गर्दीला श्वास घ्यायला दिलेली जागा होती. सोफ्यावर एकट्याने पाहिले तर ते तुटक वाटतात. चौघं मित्र जमवा आणि मोठ्याने बोलत बघा, ते लगेच जिवंत होतात.

इथून कल्टकडे येतो. कल्ट चित्रपट कोणी ठरवून बनवत नाही. तो आधी पडतो किंवा कसाबसा चालतो, मग एखाद्या वेगळ्याच वाटेने लोकांपर्यंत पुन्हा पुन्हा पोचतो आणि लोक त्याला आपला करतात. ती वाट काय होती हे शोधलं की त्या चित्रपटाचं अर्धं कोडं सुटतं. अमेरिकेतला फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ चा. त्याने गल्ल्यावर पैसेही वसूल केले नव्हते. १९७४ मध्ये त्याचा कॉपीराइट कोणी नव्याने नोंदवला नाही, आणि टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला. दर नाताळात तो लागू लागला आणि एका पिढीने त्याला नाताळाचा चित्रपट करून टाकलं. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चंही तसंच. १९६८ मध्ये प्रदर्शनाआधी नाव बदलताना कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळाली, आणि तेव्हाच्या कायद्याने तो सगळ्यांचा झाला. एक सणाचा चित्रपट, एक प्रेतांचा चित्रपट, आणि दोघांचंही नशीब कागदावरच्या एकाच प्रकारच्या चुकीने उघडलं.

आपल्याकडे ही वाट दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट आणि नंतर केबल यांची होती. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ चा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांवर, सात लाखांच्या आसपास खर्चात झालेला. थिएटरात त्याला मोठं यश मिळालं नाही. लोकांनी तो घरात पाहिला, पुन्हा पाहिला, एकमेकांना संवाद म्हणून दाखवले. तुमच्यातल्या निम्म्यांना तो कळला नाही कारण त्यांनी पहिल्यांदाच पाहिला आणि विनोदी चित्रपट म्हणून पाहिला. शेवटच्या महाभारताच्या नाटकात प्रेताला द्रौपदी करून रंगमंचावर जो गोंधळ होतो, तिथे सगळे हसतात. पण त्या गोंधळानंतर लगेच येणारा शेवट बघा. ज्या दोन पोरांनी भ्रष्टाचार उघड केला तीच गुन्हेगार ठरतात, आणि बाकी सगळे आपापसात मिटवून घेतात. आधीच्या दृश्यातलं हसू अजून ओठांवर असताना हा शेवट येतो. तो धक्का बसायला पहिल्यांदा मोकळेपणाने हसावं लागतं आणि दुसऱ्यांदा शेवट माहीत असताना पुन्हा हसायला बसावं लागतं. ज्यांना कळला नाही त्यांनी पुढच्या सुट्टीत पुन्हा पाहावा, एवढंच मी म्हणेन.

‘तुंबाड’ही त्याच रस्त्याने गेला. पहिल्या वेळी बेताचा चालला, मग ओटीटीवर लोकांनी पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा थिएटरात लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. गोष्ट माहीत असूनही लोक तिकीट काढून गेले. भयपटासाठी याहून मोठी पावती नाही.

‘झपाटलेला’ बद्दल तुमच्या घरात कोणी भांडलं नाही असं दिसतं. १९९३ चा महेश कोठारेंचा हा चित्रपट, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला. कल्पना परदेशी बाहुल्याच्या भयपटावरून आली, पण इथे बाहुला मराठी बोलीत शिव्याशाप देतो, पोलीस आणि बुवा दोघेही आपल्या गल्लीतले वाटतात. नव्वदच्या दशकातली कित्येक मुलं कपाटावर बाहुली ठेवून झोपू शकत नव्हती. मोठ्यांना तो विनोदी वाटायचा, लहानांना भयंकर, आणि दोघं एकाच सतरंजीवर बसून तो पाहायचे.

आता ‘भूलभुलैया’, कारण यावर सोलापुरात जितकं बोलता येतं तितकं फार कमी गावांत येईल. मूळ चित्रपट फाझिल यांचा मल्याळम ‘मणिचित्रताळ’, १९९३. शोभना यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २००४ मध्ये कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’, २००५ मध्ये तमिळमध्ये रजनीकांतचा ‘चंद्रमुखी’, जो तेलुगूतही डब झाला, आणि २००७ मध्ये प्रियदर्शन यांचा हिंदी ‘भूलभुलैया’. आपल्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. त्यामुळे एकाच कारखान्यात, एकाच वर्गात, या गोष्टीच्या तीन आवृत्त्यांचे तीन भक्त सापडतात. त्यांना एकत्र बसवून बोलायला लावलं की जे निघतं ते मला एकट्याने चार वेळा पाहूनही मिळालं नसतं.

या सगळ्या चित्रपटांत अंगात येणारी नर्तकी शेजारची भाषा बोलते, ही त्यातली सगळ्यात कसबी गोष्ट आहे. मल्याळम चित्रपटात ती तमिळ बोलते. तमिळमध्ये तेलुगू. कन्नडमध्येही तिचं गाणं तेलुगू. हिंदीत ती बंगाली होते. घरातली सून, जिला सगळे ओळखतात, एकदम परक्या मुलखाची भाषा बोलू लागते, आणि घर हादरतं. पण तेलुगू बोलणाऱ्या बाईने मूळ तमिळ ‘चंद्रमुखी’ पाहिला तर? तिच्यासाठी भूत परकं राहतच नाही, ते तिच्या माहेरच्या भाषेत गातं. अशोक चौकाच्या बाजूला राहणारी एक बाई मला म्हणाली होती की सगळे घाबरत होते तेव्हा तिला त्या नर्तकीसाठी रडू येत होतं. तोच चित्रपट, तेच दृश्य. मला हे मत कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाचं वाटतं.

मूळ आणि हिंदी यांची तुलना करायची असेल तर एकच दृश्य समोरासमोर ठेवा. नवरा बायकोला बाहेर जाऊ नको म्हणतो, ती आधी हट्ट करते, मग आवाज बदलतो, डोळे मोठे होतात आणि ती एका हाताने पलंग उचलते. शोभना यांच्या चेहऱ्यावर बदल येताना मधली एक पायरी स्पष्ट दिसते, जिथे तिला स्वतःलाच काय होतंय ते कळत नाही. विद्या बालनने हिंदीत ताकद जास्त लावली आहे, आणि तिचं कामही चांगलं आहे, पण ती मधली पायरी थोडी घाईत गेली आहे. हिंदीत विनोद वाढला, तमिळमध्ये नायकाला जागा करून द्यावी लागली. त्यामुळे मानसोपचाराचा धागा, जो मुळात सगळ्यात महत्त्वाचा आहे, दोन्हीकडे पातळ झाला. तुमची हैदराबादची भावंडं तेलुगू समजत असतील तर त्यांच्याकडून मूळ तमिळ ‘चंद्रमुखी’तलं ते तेलुगू गाणं ऐकताना अर्थ विचारून घ्या.

सणाच्या चित्रपटांवर लांब बोलण्यासारखं मला कमी वाटतं. ‘होम अलोन’ १९९० चा, नाताळचा, आणि दिवाळीतही चालतो कारण त्याची मूळ गोष्ट सोपी आहे: जे घर माणसांनी भरलेलं असायला हवं ते रिकामं आहे, आणि बाहेर कोणीतरी आत यायच्या तयारीत आहे. नीट पाहिलं तर भयपटाचा सांगाडाही हाच असतो. बॉब क्लार्क या दिग्दर्शकाने १९७४ मध्ये ‘ब्लॅक ख्रिसमस’ हा खुनांचा चित्रपट केला आणि १९८३ मध्ये ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा मुलांचा, दोन्ही नाताळातले. एकाच माणसाला दोन्ही जमले याचं मला आश्चर्य वाटत नाही. आणि आपली दिवाळी तरी कशी आहे? नरकासुराच्या गोष्टीने सुरू होते, पहाटे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचं, आणि लक्ष्मीपूजन अमावास्येला. ज्या रात्री एरवी लोक तिठ्यावरून जायला कचरतात त्याच रात्री आपण दारात पणत्या लावतो. सणात भयपट कशाला, असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं तर हे सांगा.

आपल्या जिल्ह्याचा सणाचा चित्रपट मात्र तुमच्या यादीत नव्हता, आणि तो असायला हवा. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’, २०१४. पंढरपूर, कार्तिकी एकादशीची गर्दी, वडील गेलेलं घर, कर्ज, आणि वडिलांनी बनवलेली एलिझाबेथ नावाची सायकल विकायची वेळ. ज्ञानेश आणि मुक्ता ती वाचवायला वारीत बांगड्यांचा धंदा मांडतात. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. एकादशी पाडव्यानंतर दहा दिवसांनी येते, म्हणजे पाहुणे परतायच्या बेतात असताना. यात सण म्हणजे पोट भरायची संधी आहे, जशी ती पंढरपूरच्या शेकडो घरांना दरवर्षी असते. मुलं देवाला काही मागत बसत नाहीत, हिशेब करतात. परदेशी सणाच्या चित्रपटांत शेवटी चमत्कार होतो, इथे गिऱ्हाईक मिळतं. मला तो शेवट जास्त भावतो. ज्यांना पंढरपूरच्या गल्ल्या ओळखीच्या आहेत त्यांनी ओळखीच्या दिसणाऱ्या प्रत्येक जागी थांबून बोलावं, तो चित्रपट तसाच पाहण्यासारखा आहे.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट सांभाळा. प्रमाणपत्रात आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे गट आहेत, ते बघूनच लावा. ‘तुंबाड’ प्रौढांचा आहे, त्यात सूट देऊ नका. मूल घाबरलं तर बंद करून झोपवू नका, दिवा लावून थोडा वेळ गप्पा मारा. अर्धवट राहिलेलं भूत मुलाच्या डोक्यात चित्रपटापेक्षा मोठं होतं.

तुम्ही क्रम विचारलात. माझ्या लेखी यादीत ‘तुंबाड’ पहिला, ‘जाने भी दो यारो’ त्याच्या बरोबरीला, ‘लपाछपी’ तिसरा. तिसरा असूनही सोलापूरच्या माणसाने तो आधी पाहावा. ‘भूलभुलैया’पेक्षा ‘मणिचित्रताळ’ वर. ‘हॅलोवीन’ला आदर. ‘झपाटलेला’ आणि ‘होम अलोन’ घरच्यांसोबत कितीदाही.

मत सांगताना भावंडांना एवढं करायला लावा: प्रत्येकाने एकच क्षण निवडायचा, तिथे पडद्यावर काय होतं आणि आवाज कसा होता ते सांगायचं, आणि त्या क्षणी खोलीत काय चाललं होतं तेही सांगायचं. ‘बोअर’, ‘भारी’, ‘ओव्हररेटेड’ हे शब्द त्या बैठकीपुरते बंद. वाद होईलच, पण तो चित्रपटावर होईल.

पुढे काय पाहायचं तर सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी एखाद्या रात्री ‘ब्रमयुगम्’ पाहा. राहुल सदाशिवन यांचा २०२४ चा मल्याळम चित्रपट, पूर्ण कृष्णधवल, मोजकी पात्रं, एक पडकं घर आणि मामुट्टी. सतराव्या शतकातला मलबार, पाऊस, भूक आणि सोंगट्यांचा खेळ. ‘तुंबाड’ ज्यांना संथ वाटला त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवा. डबिंग टाळा, मूळ आवाजात सबटायटल्स लावून पाहा, आणि पहिला अर्धा तास कोणालाही उठू देऊ नका.